मांडीखालचा विळा

हे प्रकरण मी आजवर तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी लिहून उठलो. एकदा पंचवटीतल्या आमच्या गल्लीवर लिहिलं, एकदा आईच्या कुरडयांवर, आणि एकदा तर माझ्या निवृत्तीच्या समारंभावर, जिथे मला शाल मिळाली आणि भाषण करणाऱ्याला ऐन वेळी माझं नाव आठवलं नाही. तिन्ही लेख छापून आले. कुरडयांच्या लेखाला तर पत्रं आली. स्वतःबद्दल लिहायला बसलेला माणूस स्वतःला किती सफाईनं टाळू शकतो, याचा चांगला नमुना पाहायचा असेल तर ते तीन लेख वाचावेत.

या खेपेला वाट अडवली ती नातीनं. ती शहराबाहेरच्या एका इंटरनॅशनल शाळेत आहे. तिथे मुलांना अकरावीतच 'प्रगत युरोपीय इतिहास' असा विषय असतो, आणि सुट्टी लागली की पालकांच्या मोबाइलवर एक रंगीत पत्रक येऊन पडतं: उन्हाळ्यात वाचायची पुस्तकं, मुंबईच्या संग्रहालयाची भेट, आणि भेटीनंतर एका चित्रावर 'स्वतःचं निरीक्षण'. मुलं बसमध्ये झोपतात, चित्रापुढे फोटो काढतात आणि निरीक्षण आजोबांकडे मागतात. तिनं तसंच मागितलं. "आजोबा, तुम्ही आयुष्यभर युरोपच शिकवलात. एखादं भारी निरीक्षण सांगा ना, मी माझ्या शब्दांत लिहिते." माझ्याकडे एक होतं. तीस वर्षं मी ते वर्गावर्गांतून सांगून टाळ्या घेतल्या होत्या. मी तिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.

आमच्या वेळचं पत्रक रंगीत नव्हतं. ते सायक्लोस्टाइलवर काढलेलं असे आणि बोटांना शाई लागे. थाट मात्र हाच. कॉलेजात ठकार सर युरोपचा इतिहास शिकवत. त्यांनी मुंबई आणि पुणं सोडून पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं, पण बोलत असं की जणू पॅरिसमध्ये त्यांची एक खोली अजून राखून ठेवलेली आहे. मे महिन्यात, पंखा गरम हवा ढवळत असताना, हे गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावून आम्हाला युरोपातल्या हिवाळ्याचे राजकारणावर झालेले परिणाम समजावत. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की ते सहा मुलं निवडायचे आणि त्या सहाजणांना 'युरोपियन सर्कल' म्हणायचे. सुट्टीत यादीतली पुस्तकं वाचायची, टिपणवही लिहायची, शेवटी सरांबरोबर मुंबईला जाऊन चित्रं पाहायची आणि त्यातल्या एकावर निबंध द्यायचा. ज्याची वही आणि निबंध सर्वांत चांगला, त्याला सरांचं शिफारसपत्र. पुण्यातला एक ट्रस्ट सरांच्या शब्दावर दर वर्षी एका विद्यार्थ्याची, एकाच, एम.ए. होईपर्यंत राहण्याजेवणाची आणि शिक्षणाची सोय करत असे. उरलेल्या पाचांना मुंबईचा वारा.

आम्ही त्यातले पाचजण शहरातले होतो आणि फार दीडशहाणे होतो. फ्रेंच राजांची नावं आम्ही एकमेकांना म्हणून दाखवायचो. सगळ्यांचा उच्चार सारखाच चुकत असल्यामुळे तो बरोबर वाटायचा. राज्यक्रांतीत नेमकं कोण उपाशी होतं हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं, पण राणीच्या केसांची तऱ्हा विचारली असती तर पाचही हात वर गेले असते.

सहावा यशवंत भोये. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेला. उन्हाळ्यात वसतिगृह बंद होई, म्हणून तो पिंपळगाव बसवंतला लांबच्या नातेवाइकाकडे राही, सकाळी एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या चाळीत कांदा निवडी आणि दुपारच्या एसटीनं नाशिकला येऊन ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसे. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती. चार-चार दिवसांची पाळी लावलेली. माझी पाळी यशवंतच्या नंतर यायची, त्यामुळे युरोपचा सगळा इतिहास माझ्यापर्यंत कांद्याचा वास लागून येई. मी पुस्तक गच्चीवर उन्हात उघडं टाकायचो आणि सर्कलमध्ये त्याचा किस्सा करून सांगायचो. आई विचारायची, "हे कुठल्या वखारीतून आणलंस रे?" आणि मी हसायचो. पुस्तकाच्या समासात त्यानं पेन्सिलीनं बारीक खुणा केलेल्या असत. त्या खुणा जिथे असत तेवढंच मी वाचायचो. यादी वाचून काढण्याची माझी पद्धत ही अशी होती, आणि मला ती हुशारीची वाटे.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या घरातच कुजलं. माझे वडील, अण्णा, तीर्थोपाध्ये होते. यात्रेकरू आला की अण्णा त्याचं गाव आणि आडनाव विचारत, फळीवरच्या लाल कापडात बांधलेल्या वह्यांमधून नेमकी एक काढत आणि त्याच्या आज्या-पणज्यांची नावं वाचून दाखवत. कोण कधी कुणाचं श्राद्ध करायला आला, बरोबर कोण होतं, आणि खाली त्या माणसाची सही किंवा अंगठा. मोठमोठी माणसं आपल्या पणजोबाची वेडीवाकडी सही पाहून आमच्या ओसरीवर रडलेली मी पाहिली आहेत. जुन्या वह्यांना कसर लागे, म्हणून त्या नव्या वहीत उतरवून घ्याव्या लागत. उन्हाळ्यात हे नकलेचं काम माझ्याकडे असे. खाली गल्लीत तांबटांची ठोकठोक, यात्रेकरूंची हिंदी-गुजराती, वर गच्चीवर कावळे हाकणारी आई, आणि मधल्या खोलीत मी, बोरू घेऊन. अण्णांचे नियम मोजके होते. जसं असेल तसं उतरवायचं, चूक असली तर चुकीसकट. नक्कल करणाऱ्यानं आपलं नाव कुठेही घालायचं नाही. आणि मूळच्या माणसाचं नाव कधीही गाळायचं नाही.

दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या हातानं उतरवणं हे मला लहानपणापासून पुण्याचं काम म्हणून शिकवलेलं होतं. मनाला टोचत कसं नाही, असं मला कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देत आलो. उत्तर गुळगुळीत आहे. नियमांपैकी सोयीचा तेवढा मी उचलला आणि बाकीचे विसरलो, एवढीच त्यातली खरी गोष्ट.

यशवंत दोन-तीनदा घरी आला. त्याचं मराठी ताठ आणि स्वच्छ होतं, पण सरांना लिखाण इंग्रजीत हवं असे. मराठी ते नाइलाजानं घेत. माझं इंग्रजी बरं होतं. त्याचा निबंध मी इंग्रजीत करून द्यायचा असं आमचं ठरलं. ज्या दिवशी हे ठरलं त्या दिवशी आईनं कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवला होता. तो गरम चीक दूध-साखर घालून खायला आम्हा मुलांच्या उड्या पडत. आईनं यशवंतलाही दिला, ओट्यावर, बाहेरच्या माणसांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वाटीत. त्यानं वाटीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "आमची आई नागलीचे पापड करती, तेव्हा उकड अशीच गरम खातो आम्ही." वाटी त्यानं स्वतः विसळून पालथी घातली. कुरडयांवरच्या माझ्या लेखात चीक आहे, दूध आहे, साखर आहे. ती वाटी नाही.

मुंबईला आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो. संग्रहालयात एका शेठजीनं दान केलेली युरोपियन तैलचित्रं होती, सोनेरी चौकटीतली, आणि त्या दालनात गार वाटे, त्यामुळे आम्हाला युरोपात आल्यासारखंच झालं. सर प्रत्येक चित्रापुढे उभे राहून पाटी वाचत आणि मग पाटीवर होतं तेच दुप्पट वेळात सांगत. एका मोठ्या चित्रापाशी ते जास्त रमले. कापणी झालेलं शेत, एक डेरेदार झाड, झाडाखाली जेवायला बसलेली पंधरा-वीस माणसं, मागे काठी टेकून उभा असलेला एक जाडा गृहस्थ. सर म्हणाले की हे कापणीनंतरचं सहभोजन. पाहा त्या मोकळ्या शेतकऱ्याचा आनंद, पाहा श्रमाची प्रतिष्ठा. आम्ही पाहिली. मला चांगली दिसली.

मागून यशवंत म्हणाला, "सर, हे सगळे त्या गावचे नायत. अर्धे बाहेरून आल्यात."

सरांनी मान वळवली नाही. "भोये," ते म्हणाले, "हे पेठ नाही. हा युरोप आहे."

सगळे हसले. माझं हसणं सर्वांत मोठं होतं, कारण रखवालदारानं मलाच गप्प बसायला सांगितलं.

दुपारी बाहेरच्या पायऱ्यांवर डबे उघडले तेव्हा यशवंत माझ्या शेजारी बसला. त्यानं फडक्यातून भाकरी काढली. मी काही विचारलं नव्हतं, पण त्याला ते कुणाला तरी सांगायचं होतं. "झाडाखालची माणसं नीट बघितली का तू? ज्यांच्या पायात बूट, त्यांचे विळे फांदीला टांगलेत. अनवाण्यांचे विळे मांडीखाली हायेत."

मी म्हटलं, मग?

"बाहेरून आलेला माणूस जेवतानापण हत्यार सोडत नाय. सोडलं की मालक उचलून ठेवतो. मग घरी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा राहिला तरी त्याला निघता येत नाय, हत्यार अडकलेलं असतं. माझा बाप द्राक्षाच्या बागेत असाच जेवायचा, कात्री मांडीखाली घेऊन." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "ज्यानं चित्र काढलं त्यानं हे बघितलं होतं. सरांनी नाय बघितलं."

मी पुन्हा आत जाऊन चित्र पाहून आलो. तो म्हणाला तसंच होतं, प्रत्येक विळा. इतकी पुस्तकं चाळून मला युरोपातलं एकही माणूस दिसलं नव्हतं, आणि यशवंतला ती पंधरा-वीस माणसं दहा मिनिटांत ओळखीची निघाली होती. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला त्याचा राग आला.

नाशिकला आल्यावर चार दिवसांनी त्यानं आपला निबंध इंग्रजीत करायला माझ्याकडे आणून दिला. आखीव कागदाची वही, सहा पानं. मी ती नकलेच्या फळीवर ठेवली, बोरूच्या जागी फाउंटन पेन घेतलं आणि तीन दिवसांत तिचं इंग्रजी केलं. पेठच्या जागी एक-दोन फ्रेंच गावं घातली. त्याचा बाप गाळला आणि एका इतिहासकाराचं मत घातलं. वर माझं नाव लिहून मी ते सरांना देऊन आलो. यशवंतला वही परत करताना सांगितलं की मला वेळ झाला नाही, तू आपलं मराठीतच देऊन टाक. तो म्हणाला, "असू दे. तुझ्या घरी काम असतंय." आणि दोन दिवसांनी त्यानं मराठीत दिलं.

सरांनी माझा निबंध वाचनालयाच्या मागच्या खोलीत सर्कलला वाचून दाखवला. विळ्यांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. यशवंत त्या दिवशी पिंपळगावला होता, चाळीत कांद्याची आवक फार होती म्हणून. त्यानंतर सरांनी त्याची वही उघडली.

ठकार सर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला बरं झालं असतं. त्यांनी खात्री करून घ्यायची ठरवली, आणि खात्री करायला ते कुठे गेले, तर आमच्या घरी. सकाळची वेळ होती. अण्णा ओसरीवर एक वही नव्या लाल कापडात बांधत होते. सरांनी दोन्ही निबंध पुढे ठेवले आणि सांगितलं की मुद्दे सारखे आहेत, क्रम सारखा आहे. त्या मुलानं संग्रहालयात काहीतरी बडबड केली होती खरी, पण एवढा विचार त्याचा असेल असं वाटत नाही. तो तुमच्याकडे येतजात असतो असं कळलं. मला फक्त तुमचा शब्द हवा.

अण्णांनी मला बोलावलं. "हे तुझं आहे का?"

मी "हो" म्हणालो. विचार करायला वेळ लागला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मी घाबरलो, गोंधळलो. मी अजिबात गोंधळलो नव्हतो.

अण्णा सरांना म्हणाले, "आमच्या घरात दुसऱ्याचं नाव गाळत नाहीत. माझा शब्द घ्या." साठ-सत्तर गावांतली माणसं या एका शब्दावर आपले पणजोबा ओळखत होती. सरांनी हात जोडले, पन्हं घेतलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. यशवंतच्या वहीवर त्यांनी आधीच लाल शाईनं 'नक्कल' असं लिहिलं होतं. सर बोलत होते तेव्हा यशवंत त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता. सर थांबल्यावर तो मला म्हणाला, "तू सांग."

मी म्हणालो, "मी काय सांगू?"

तो थोडा वेळ थांबला. मला अजून एक संधी देण्यासाठी थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मग म्हणाला, "सर, माझी वही परत द्या." वही घेतली आणि गेला. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्याचं नाव हजेरीत होतं, तो नव्हता. महिन्याभरानं नावही गेलं.

बी.ए. झाल्यावर मी पुण्याला गेलो. ट्रस्टचं जेवण जेवलो, एम.ए. झालो, प्राध्यापक झालो. तो मांडीखालचा विळा मी माझा म्हणून तीस वर्षं शिकवला. त्यावर एक लेख लिहिला, चर्चासत्रांत बोललो, आणि लोक मला 'खालून पाहणारा इतिहासकार' म्हणू लागले. हे असलं काही कानावर आलं की मान खाली घालून नम्र हसायचं असतं. मला ते उत्तम जमत असे. अण्णा पुढे पुष्कळ वर्षं जगले. त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानंही विचारलं नाही. फक्त त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी मला कधी नकलेला बसवलं नाही. मी सुट्टीत घरी आलो की फळीवर नवं कापड घातलेलं दिसे, आणि वह्या ते स्वतः उतरवत असत, डोळ्यांवर भिंग धरून.

तीन वर्षांपूर्वी मी पेठला गेलो. पुढे जीपनं, आणि शेवटचा टप्पा चालत. पाड्यावर भोये पुष्कळ होते, पण कॉलेजात शिकलेला म्हटल्यावर एका बाईनं लगेच घर दाखवलं. यशवंत पडवीत बसला होता. केस पांढरे, पाठ सरळ. त्यानं मला ओळखायला क्षणही घेतला नाही.

"या सर," तो म्हणाला. मी कुठे नोकरी केली, काय झालो, त्याला ठाऊक होतं. त्यानं शेती केली होती, भात आणि नागली, आणि दर हंगामाला पिंपळगाव-निफाडच्या बागांत गेला होता, अंगात जोर होता तोवर. आतून त्याची बायको आली आणि हे कोण म्हणून तिनं विचारलं. "हे माझ्याबरोबर शिकायला होते," तो म्हणाला. "लय हुशार." मी त्या शब्दांत टोमणा शोधला. टोमणा सापडला असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं. सापडला नाही.

मग त्यानं विचारलं की एवढ्या लांब काय काम काढलंत. मी म्हणालो, सहज, या बाजूला आलो होतो.

"या बाजूला सहज कोणी येत नाय," तो म्हणाला.

मी पावसाबद्दल विचारलं. त्यानं पावसाबद्दल सांगितलं. त्याच्या बायकोनं नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली, घरातल्याच ताटात, आणि तो माझ्यासमोर बसून जेवला. निघताना तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. जीप नव्हती. आम्ही एका दगडावर बसलो. तो म्हणाला, "तुम्हाला काय बोलायचं असंल तर बोला सर. गाडीला अजून वेळ हाय."

मी त्याला माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली. सगळी सांगितली, डॉक्टर काय म्हणाले इथपर्यंत. त्यानं ती नीट ऐकून घेतली आणि कुठलंसं तेल लावून बघा म्हणाला. जीप आली तेव्हा त्यानं पुढच्या सीटवरच्या पोराला उठवलं. ड्रायव्हरला म्हणाला, "सरांना पुढं बसू दे, त्यांना गुडघ्याचं हाय."

पुढच्या वर्षी, भाताच्या आवणीच्या दिवसांत, त्याच्या मुलाचा फोन आला. वडील गेले, आणि सरांना कळवा असं सांगून गेले होते.

मी त्याच्याकडे निघालो तेव्हा एकच वाक्य पाठ करून गेलो होतो. नाशिकहून पेठपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मी ते पुनःपुन्हा म्हटलं होतं, आणि त्यातला एकही शब्द अवघड नव्हता. यशवंत, ते तुझं होतं, मी ते चोरलं, माझ्या बापाला त्यासाठी खोटा शब्द द्यायला लावला, आणि तू मला 'सांग' म्हणालास तेव्हा मी सांगितलं नाही. मला माफ कर.